पाटाखालचा आकडा

मला प्रत्येक गोष्ट वाजवून बघायची खोड आहे. कलिंगड तर सगळेच वाजवतात. मी नवा कपसुद्धा वाजवते, कुंडी वाजवते, एकदा शेजारणीच्या नव्या दरवाजाच्या फळीवर टकटक करून तिला म्हटलं होतं, "आतून पोकळ हाय गो, फसवलं तुला." ती पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. फळी मात्र पोकळच निघाली.

ही खोड मला पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात लागली. मूर्ती वाळली की तिच्यावर बोटाचं पेर वाजवून बघायचं. खणखणीत आवाज आला तर माल चांगला. बसका आला तर आत कुठेतरी तडा गेलेला असतो, वरून दिसो किंवा न दिसो. तशी मूर्ती आम्ही रंगवत नाही, स्वस्तातही देत नाही. खंडित मूर्ती कुणाच्या घरी जाता कामा नये, हा बाबांचा नियम. मी डोळ्यांची आखणी करते, म्हणजे मूर्तीला शेवटचा हात माझा लागतो, म्हणून शेवटची टकटकही माझीच. माणसांनाही मी तशीच वाजवून बघते असं घरचे म्हणतात. म्हणोत.

फक्त ताईची मूर्ती मी कधी वाजवली नाही. माझी थोरली बहीण रोह्याला दिलेली आहे. तिचे यजमान धाटावच्या एका केमिकल कंपनीत होते, आता घरीच असतात. तिच्या घरचा गणपती दरवर्षी आमच्याकडून जातो. तो मी स्वतः निवडते, स्वतः डोळे काढते आणि कापडात गुंडाळून तिच्या हातात देते. ताईच्या बाबतीत मला कधी शंका आली नाही. आयुष्यात मी फारशी कुणावर विश्वास टाकून बसलेली नाही, त्यामुळे हे आवर्जून सांगते.

मी लग्न केलं नाही. कारखान्याच्या मागे दोन खोल्या आहेत, तिथे राहते. पुढे कारखाना दादाचा, म्हणजे माझ्या भावाचा. तो आमच्यात मधला. कारखान्याची जागा आजोबांपासूनची, त्यामुळे बाबा गेल्यावर ती तिघांचीही झाली असती. पण बाबांनी जाण्याआधी सोय करून ठेवली होती. आम्हा दोघी मुलींच्या नावाने एकेक बॉण्ड घेतला होता. पाच लाखांचा. मुली पैसे घेतील, मुलगा कारखाना घेईल, अशी ती वाटणी.

बाबांचं सगळं आटोपल्यावर दादाने तो कागद माझ्या हातात दिला. जाड, हिरवट किनारीचा कागद, वर मोठ्या आकड्यांत पाच लाख, खाली इंग्रजीत बारीक अक्षरांचं रान. पैसे पंधरा वर्षांनी मिळणार होते.

"आत्ता का नाय?" मी विचारलं.

"त्याची मुदत हाय. बाबांनी अडकवून ठेवलेत तुमच्यासाठी, म्हणजे उडवणार नाय कोणी," दादा म्हणाला.

मी तो कागद उन्हात धरून पाहिला. आतला शिक्का दिसतो का, किनार दोन्ही बाजूंनी जुळते का, सही छापलेली आहे की शाईची. नखाने खरवडूनसुद्धा पाहिलं. कागद खरा होता. मग तहसील कचेरीशेजारी जाऊन मी हक्कसोड पत्रावर सही केली. माझ्या आधी ताईने केली होती, भरभर, चष्मा न लावता.

आता हसू येतं, पण तेव्हा मला एवढंच कळत होतं की वस्तूवर जो आकडा लिहिलेला असतो तो तिचा भाव. आमच्याकडे मूर्तीच्या पाटाखाली पेन्सिलने आकडा लिहिलेला असतो. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की आम्ही मूर्ती अलगद कलती करून तो आकडा दाखवतो. त्यावर कुणी बोलत नाही. लहानपणापासून मी ते बघत आले. कागदावर पाच लाख लिहिलेत म्हणजे बाबांनी पाच लाख मोजले, याबद्दल मला शंका यायचं कारणच नव्हतं. कागद खोटा असेल असं वाटलं, आकड्याबद्दल काही वाटलं नाही. आणि मी स्वतःला हुशार समजत होते.

संशय मी दादावर घेत राहिले. मुलींना प्रत्येकी पाच लाख देणाऱ्या बाबांनी त्याला रोख किती ठेवले असतील, हा माझा आवडता हिशोब होता. त्याने नवीन मोटरसायकल घेतली की मी आत बसून तो हिशोब करायचे. माझ्या खोल्यांचा पत्रा गळायला लागला तेव्हा दोन पावसाळे सांगूनही त्याने दुरुस्ती केली नाही, मग तर माझी खात्रीच पटली. मला कंटाळून मी निघून जावं, खोल्या रिकाम्या व्हाव्यात, हाच त्याचा बेत असणार.

गेल्या वर्षी मुदत संपली. पैसे बँकेत आले, पूर्ण पाच लाख, त्यातून एक रुपयाही कापलेला नव्हता. कुणीही समाधान मानलं असतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. मुदत ठेवीच्या व्याजातून बँक टॅक्स कापून घेते, मग यातून का नाही कापला? जे आता कापत नाहीत ते पुढे कधीतरी मुंडी धरून घेतात, असा माझा अनुभव आहे.

त्याच सुमाराला पनवेलकडचा एक माणूस कारखान्यात यायला लागला. पांढरे बूट घालून पीओपीच्या धुळीत उभा राहायचा आणि मूर्तींकडे न बघता भिंतींकडे बघायचा. आमची जागा बाजाराला लागून आहे. दादाच्या मनात हमरापूरकडे शेड घेऊन कारखाना तिकडे न्यायचं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण भिंतींकडे बघणारा माणूस मूर्ती घ्यायला येत नाही. हमरापूरच्या शेडला मागे दोन खोल्या असणार नव्हत्या. माझी सही तर दिलेली होती. दादाने जागा विकली असती तर मला अडवायला तोंड नव्हतं, आणि या वयात मी कुठे जाऊन कुणाचे डोळे काढणार होते?

रिटर्न भरायची वेळ आली तसा ताईचा फोन आला. "माझा पण बॉण्ड सुटलाय. तू इथंच ये. आमच्या ह्यांच्या कंपनीतले सगळे जिच्याकडे जातात तिच्याकडे दोघींचं एकदम करून टाकू." मी सकाळच्या गाडीने रोह्याला गेले.

ती सीए मुलगी वयाने माझ्या भाचीएवढी. औषधांच्या दुकानाच्या वर तिचं ऑफिस. तिचे वडील आखातातून आलेल्या लोकांचे कागद करून देत, आता ती करते. डोक्यावरून ओढणी, हातात गार झालेला चहा, आणि बोलताना समोरच्याकडे सरळ बघायची सवय. मी मनातल्या मनात तिला टकटक केलं. आवाज बरा वाटला, तरी मी पिशवी मांडीवरच ठेवली.

"मावशी, या बॉण्डचे दोन प्रकार असतात," ती म्हणाली. "दोन्हीत वर्षाला व्याज मिळत नाही. कमी पैशांत घ्यायचा, शेवटी पूर्ण रक्कम घ्यायची. मधला जो फरक, तो साध्या प्रकारात व्याज धरतात. ते तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात जातं, आणि हातात काही आलेलं नसलं तरी दरवर्षी थोडं थोडं दाखवायला लागतं. दुसऱ्या प्रकारचे बॉण्ड सरकारने खास जाहीर केलेले असतात. त्यात मधल्या वर्षी काही दाखवायचं नाही. शेवटी एकदम भांडवली नफा म्हणून धरतात आणि त्याचा दर वेगळा. तुमचा दुसऱ्या प्रकारातला आहे. नशीब समजा."

"नशीब कसलं?" मी म्हटलं. "वडिलांनी मुलीला दिलं त्यावर टॅक्स घेता व्हय?"

"दिलं त्यावर नाही मावशी. वाढलं त्यावर."

"पण वाढलं कुठं? पाच लाख दिले, पाच लाख मिळाले. उलट पंधरा वर्षांत त्याची किंमत किती उतरली ते सरकारला विचार."

मुलगी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं. ताई खिडकीतून खाली रिक्षा बघत होती.

"पाच लाख कोणी दिले?"

"माझ्या वडिलांनी."

"नाही मावशी. पाच लाख ही दर्शनी किंमत. ती शेवटी मिळायची. घेताना त्यांनी कमी दिले." तिने कॉम्प्युटरवर काहीतरी काढलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. "हे काही गुपित नाही. तेव्हा पेपरात जाहिरातीतच छापून आलं होतं. एकाला दीड लाखाच्या आतबाहेर. वडिलांनी ज्या भावात घेतला तोच कायद्याने तुमचाही भाव. पाच लाखांतून तो वजा केला की उरला तो नफा."

मी तो आकडा पाहिला. मला समजायला वेळ लागला नाही, कारण हा व्यवहार मी जन्मभर बघत आले होते. पौषात बाहेरगावचे व्यापारी येतात आणि न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती कमी भावात उचलतात. श्रावणात त्याच मूर्ती रंगवून पूर्ण भावाने विकतात. मधले महिने सांभाळायचे, वाट बघायची, त्याचेच ते पैसे. बाबांनी आम्हाला पौषातल्या भावाची मूर्ती दिली होती आणि पाटाखाली श्रावणातला आकडा दाखवून सही घेतली होती. पंधरा वर्षं ती मूर्ती सांभाळली मी, वाट बघितली मी, आणि माझ्याच वाट बघण्याला बाबांनी माझा हिस्सा म्हटलं होतं. आता सरकार त्या वाट बघण्यावर टॅक्स मागत होतं. सरकारचं निदान नाव तरी खरं होतं, त्याने त्याला नफा म्हटलं.

मला इतका राग आला की पिशवीचा बंद हातात तुटला. राग अर्थातच दादाच्या नावाने आला. जिना उतरताना मी ताईला म्हटलं, "बघितलंस? त्याने फसवलं आपल्याला. पाच पाच लाख म्हणून सांगितलं आणि तिसऱ्या हिश्शात काम भागवलं. आता जागा विकून मोकळा होतोय. मी वकील करते. तू फक्त माझ्या बाजूने उभी राहा."

घरी येऊन ताईने पदर खोचला आणि तांदळाची उकड मळायला घेतली. मी ओट्याशी उभी राहून बोलतच होते. दादाची मोटरसायकल, गळका पत्रा, पनवेलचा माणूस, सगळं एका दमात. ती भाकरी थापत होती आणि पाठ माझ्याकडे होती.

"दादाला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"मला माहीत व्हतं, म्हणून."

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि मगच वळली.

"ह्यांनीच सुचवला व्हता बाबांना तो बॉण्ड. बाबा आले व्हते इथं. म्हणाले, माझ्याकडं एवढेच हायत, दोघींना सारखं द्यायचंय आणि कारखाना मोडायचा नाय. मग ह्यांनी सांगितलं, असा असा बॉण्ड हाय. बाबांनी मला एकच सांगितलं, धाकटीला किंमत सांगू नको, ती सही करणार नाय."

"नसतीच केली."

"मग वाटणी झाली असती. तुझ्या वाट्याला काय आलं असतं गो? एक भिंत आणि चार फूट ओटी. कारखाना बंद. तू डोळे कुठं काढले असतेस?" तिचा आवाज जरा चढला, मग खाली आला. "खरं सांगू का? तेव्हा मी तुझा पण विचार नाय केला. मला माहेर हवं व्हतं. गणपतीला जायला दार उघडं हवं व्हतं. तुम्ही दोघं कोर्टात गेला असतात तर मी कुणाकडं उतरले असते?"

भाकरी वरून सुकली होती, ती उलटायची राहिली. मी पंधरा वर्षं दादाला वाजवून बघत होते. बँकेला बघितलं, कागदाला बघितलं, आज सकाळी त्या सीए मुलीला बघितलं. तडा जिथे होता तिथे मी कधी बोट लावलंच नव्हतं. ताईने जे सांगितलं त्यात तिचा स्वार्थ फार मोठा नव्हता, एवढंही कळत होतं. तरी मला तिच्या घरात बसवेना. जेवले, कारण न जेवता निघाले असते तर तिने स्टेशनपर्यंत डबा आणला असता. वाढताना तिने तूप जास्त घातलं. मी ते काढून ठेवलं.

परतीच्या गाडीत निडी स्टेशन आलं तेव्हा मनात आलं, आता वकील कुणासाठी करायचा? बाबांवर संशय घेऊन उपयोग नव्हता, ते उत्तर द्यायला नव्हते. आणि दादाला माहीत नव्हतं हे ताईने सांगितलं म्हणून खरं कशावरून? कालपर्यंत तिचा शब्द पुरला असता.

पेणला पोचले तेव्हा दादा साचा उघडत होता. हात पीओपीने पांढरे. मी पिशवी खाली न ठेवताच विचारलं, "बाबांनी आमचे बॉण्ड कितीला घेतले?"

"पाच पाच लाखाला," तो म्हणाला. साचा सोडला नाही. "का? आता टॅक्स लागला तर तो पण मी भरू काय?"

"तुला कोणी सांगितलं पाच लाख?"

"कागदावर लिवलंय ना. मला वाचता येतं." मग त्याने साचा खाली ठेवला, आणि इतकी वर्षं जे पोटात होतं ते बाहेर आलं. "दहा लाख घातले तुमच्या दोघींवर. मला काय ठेवलं? गळकं छप्पर आणि जुने साचे. मी कधी बोललो का? तुझ्या खोल्यांवर पत्रा घाल म्हणून मागं लागलीस तेव्हा पण तोंड आवरलं. म्हटलं पाच लाखवाली हाय, घालील स्वतः."

हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, साच्याकडे बघत होता. पण आवाज मी नीट ऐकला. त्यात काही दडलेलं नव्हतं. मी त्याच्या पैशांचा हिशोब करत बसले होते, तेव्हा भिंतीपलीकडे तोही माझ्या पैशांचा हिशोब करत बसला होता. दोघांनीही एकाच पाटाखालचा आकडा वाचला होता.

मी त्याला खरी किंमत सांगितली. तो पीओपीच्या गोणीवर बसला. त्याने मनातल्या मनात भागाकार केला असावा, कारण ओठ हलत होते.

"म्हणजे मी तुमचं लाटलं?"

"तू नाय. बाबांनी ठरवलं."

"ताईला माहीत हाय?"

"पहिल्यापासून."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिचं नाव निघालं की आम्हा दोघांचाही आवाज नेहमी मऊ व्हायचा. त्या दिवशी नाही झाला. बराच वेळ त्याने हातावरचं पीओपी खरवडलं. मग म्हणाला, "जागेचं राहू दे सध्या."

सध्या हा शब्द मी नीट ऐकून ठेवला. पण पुढच्या आठवड्यात माझ्या खोल्यांवर नवे पत्रे पडले आणि पनवेलचे पांढरे बूट परत दिसले नाहीत. टॅक्स मी भरला. पावती दोनदा तपासली.

ताईचे फोन येत होते. मी उचलत होते आणि हंगाम आहे म्हणून ठेवून देत होते. खोटं नव्हतं, आमच्याकडे त्या दिवसांत जेवायला वेळ नसतो. गणपतीच्या आधी ती नेहमीप्रमाणे मूर्ती न्यायला आली. दादाने तिला पाणी दिलं, बस म्हणाला, आणि गिऱ्हाईकाचं निमित्त करून बाहेर गेला. तिची मूर्ती माझ्यासमोर पाटावर होती. बाकी सगळं झालेलं, डोळे तेवढे राहिले होते. मी ते तिच्यादेखत काढले. डोळे चांगले उतरले, सरळ तिच्याकडे बघणारे.

"सुंदर झालेत गो," ती म्हणाली आणि कापड पुढे केलं. "आण, बांधते."

"थांब," मी म्हटलं.

मी मूर्तीच्या पाठीमागे हात नेला आणि बोटाच्या पेराने वाजवलं. एकदा खांद्याशी, एकदा कमरेशी, एकदा पाटाच्या वर. ताई कापड हातात धरून उभी होती. तिचं लहानपण याच कारखान्यात गेलं, मी काय करत होते ते तिला सांगावं लागलं नाही. मी इतकी वर्षं तिच्या मूर्तीला हे केलं नव्हतं, तेही तिला ठाऊक होतं.

आवाज खणखणीत आला. कुठेही तडा नव्हता.

"चांगली हाय," मी म्हटलं, आणि मूर्ती तिच्या हातात दिली. तिने ती घेतली. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता.